कौतिकला सोशिक म्हणू नका

मागच्या महिन्यात भाचीचा पुण्याहून फोन आला. मावशी तू एवढी पुस्तकं वाचतेस ना, मग मला एक स्वभावचित्रण लिहायला मदत कर, चार मार्कांना आहे, आठ-दहा ओळी पुरे. तिने स्वतः लिहिलेलं उत्तर आधी वाचून दाखवलं. तो कष्टाळू होता, प्रामाणिक होता, प्रेमळ होता, परिस्थितीपुढे त्याने कधी हार मानली नाही. मी ऐकत होते आणि मला माझीच दहावीची वही समोर दिसायला लागली, सदतीस वर्षांपूर्वीची, ब्राऊन कव्हर घातलेली, तिच्यातपण हेच शब्द होते आणि जवळजवळ ह्याच क्रमाने. धड्यात शेतकरी असो, मास्तर असो की कुणाची आजी असो, कष्टाळू-प्रामाणिक-प्रेमळ हे तिघं भाऊ ठरलेले, आणि मार्क पूर्ण मिळायचे.

मी तिला म्हटलं, अगं उत्तर बरोबर आहे पण मला तो माणूस काही दिसला नाही. ती म्हणाली, मावशी, मार्क दिसण्याला नसतात, पॉइंटला असतात. पोरगी खरं बोलत होती, परीक्षा तिची होती, तिचा वेळ खायचा मला हक्क नव्हता, म्हणून मी तिला अजून दोन पॉइंट दिले आणि फोन ठेवला. पण ते डोक्यातून जाईना. कारण त्याच रविवारी आमच्या कट्ट्यावर 'धग' ही कादंबरी होती.

कट्टा म्हणजे आम्ही सात जणी, अमरावतीच्या, दर महिन्याच्या एका रविवारी चार वाजता कुणाच्यातरी घरी बसतो, एक पुस्तक सगळ्यांनी वाचून यायचं असा नियम, कच्चा चिवडा आणि चहा ज्याच्या घरी त्याचा. सात जणींत दोन शिक्षिका, एक नर्स, दोघी घर सांभाळणाऱ्या, मी पोस्टातून रिटायर होण्याच्या बेतात असलेली, आणि एक ताई, जी घरी ब्लाऊज शिवते. तिला वयाने मोठ्या असलेल्यापण ताईच म्हणतात. ती शाळा सातवीपर्यंत शिकली, आणि कट्ट्यावर सगळ्यात कमी बोलते, पण ती बोलली की आम्ही बाकीच्या जरा वेळ गप्प बसतो. हा लेख खरं तर तिच्यामुळे लिहितेय.

'धग' उद्धव शेळक्यांची, १९६० ची. शेळके आमच्याच विदर्भातले. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, कौतिक, तिचा नवरा महादेव, त्यांची पोरं, शिंप्याचं घर. महादेवचा कामात जीव लागत नाही, घर चालवायचं ओझं हळूहळू कौतिकच्या अंगावर येतं, ती राबते, पोरगं शिकावं म्हणून धडपडते, आणि एवढं करूनही घर तिच्या हातून निसटतच जातं. गोष्ट म्हणून पाहिली तर ही एवढीच आहे. पण ह्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात. मले, तुले, काहून, कायले. मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि छापलेल्या पुस्तकात 'मले' बघून मी अक्षरशः पान मिटून परत उघडलं होतं. कारण पाचवीत माझ्या निबंधात हाच शब्द आला होता आणि बाईंनी त्याला लाल शाईने गोल करून सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं होतं. वर्ग हसला, मीपण हसले, हसावंच लागलं. त्यानंतर घरात आईशी वेगळी बोलायचे आणि बाहेर वेगळी. आणि इथे एका मोठ्या लेखकाने आईची बोली तशीच्या तशी छापली होती, आणि ती वाचताना कुणी हसत नव्हतं, पोटात तुटत होतं. कौतिक मला आधी तिच्या आवाजातून भेटली, ती कशी आहे वगैरे मला नंतर कळलं.

तर त्या रविवारी चर्चा सुरू झाली आणि आमच्यातल्या एका शिक्षिकेने सुरुवातच केली की कौतिक ही सोशिकतेची मूर्ती आहे. दुसरी म्हणाली हो ना, किती सोसलं बिचारीने. तिसरी जरा चिडूनच म्हणाली की मला तर राग आला तिचा, एवढं सोसायचं कशाला, निघून जायचं होतं पोरांना घेऊन. म्हणजे एकीला ती आवडली कारण ती सोसते आणि दुसरीला नाही आवडली कारण ती सोसते, पण सोसते यावर सगळ्यांचं एकमत. मी मनात म्हटलं, बघा, भाचीची वही इथे पण आलीच.

ताई तोवर गप्प होती. मग म्हणाली, "सोशिक? थे कायची सोशिक व? सोशिक बाई एका जागी बसून रायते. हे त घडीभर बसत नाई."

खोलीत शांतता. मी पुस्तक उघडून पानं चाळायला लागले, आणि खरंच की, कौतिक बसलेली फार कमी वेळा सापडते. ती काहीतरी करत असते, कुणाकडे तरी निघालेली असते, कुणाला तरी काहीतरी विचारायला, मागायला, समजवायला. ती भांडते, तिला रागही येतो, ती हिशोब करते, पुढचा डाव आखते आणि तो फसला की दुसरा आखते. सोशिक हा शब्द तिला आपण लावतो, कारण ती हरते, आणि हरणाऱ्या बाईसाठी आपल्याकडे तयार असलेला शब्द तोच आहे. हेच सगळं एखाद्या पुरुषाने केलं असतं आणि तोही शेवटी हरला असता तर त्याला आपण झुंजार म्हटलं असतं. मला हे तीस-पस्तीस वर्षांत तीनदा पुस्तक वाचूनही दिसलं नव्हतं.

मग ताईने जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. ती म्हणाली, बाईचं माप उभ्यानं घेते मी, छाती, कंबर, बाही, मुंढा. माप बरोबर असते. पण ब्लाऊज बसला का नाही ते बाई सरळ उभी असताना कळत नाही, तिले मी सांगते, हात वर कर, वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखा. तेव्हा कळते कुठं ओढलं, कुठं उसवते.

बास. कष्टाळू, प्रामाणिक, प्रेमळ, सोशिक ही सगळी उभ्याने घेतलेली मापं आहेत. खोटी नाहीत. पण लेखक जे करतो ते म्हणजे पात्राला हात वर करायला लावतो, आणि आपण वाचताना बघायचं ते तिथे, कुठे ओढलं जातंय.

हे कळल्यावर मी घरी येऊन कपाटातली जुनी पुस्तकं काढून बसले, त्या आठवड्यात बरंच जागरण झालं. 'बनगरवाडी' आधी काढली. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ ची, छोटीशीच आहे, एका बैठकीत होते. औंध संस्थानातली धनगरांची वस्ती, तिथे शाळा नुसती नावाला, आणि एक तरुण पोरगा मास्तर म्हणून येतो. तोच सगळं सांगतो. माडगूळकर स्वतः तरुणपणी काही काळ निंबवड्याला मास्तर होते आणि चित्रंही काढायचे, आणि हे दोन्ही पुस्तकात उतरलंय असं मला वाटतं, म्हणजे माणूस समोर आला की आधी तो दिसतो, त्याचं घोंगडं, त्याची बसायची तऱ्हा, आणि मग तो बोलतो.

त्यात शेकू नावाचा माणूस आहे. त्याच्या दोन बैलांपैकी एक जातो. पेरणी थांबू शकत नाही. मग त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जोडीला स्वतः जुंपून घेते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते पान मला वाचवेना, आणि तरी लेखक तिथे थांबून अरेरे म्हणत नाही, गरिबीवर दोन वाक्यं बोलत नाही, ती किती त्यागी आहे हे सांगत नाही. मास्तर बघतो आणि सांगतो. आता विचार करा, ह्या बाईचं स्वभावचित्रण लिहायला सांगितलं तर काय लिहाल, तिला पुस्तकात जागाच किती आहे. पण ती बाई माझ्या डोक्यात तीस वर्षं आहे, आणि ज्यांची पानंच्या पानं वर्णनं होती अशा कितीतरी नायिका कधीच्या विसरून गेल्यात. तिचा हात वर झालेला आपण बघितला, म्हणून.

आणि अजून एक गोष्ट ह्या वेळी लक्षात आली. हे सगळं सांगणारा मास्तर आहे, तो पंचविशीच्याही आतला, बाहेरून आलेला, गावातल्या सगळ्या गोष्टी त्याला समजतात असं नाही. ते त्याचं न समजणं फार कामाचं आहे. त्यात अंजी आहे, कारभाऱ्याची मुलगी. ती मास्तरला बाजारातून चोळी आणायला सांगते, तो आणून देतो, आणि कारभाऱ्याच्या मनात वाकडं येतं. कारभारी म्हणजे तोच म्हातारा ज्याच्या जोरावर मास्तरची शाळा उभी राहिली, गावातली पोरं ज्याच्या शब्दाने शाळेत आली. आपण मास्तरच्या तोंडून ऐकतो म्हणून आपल्याला वाटतं, अरे किती साधी गोष्ट होती, बिचाऱ्याचा काय दोष. पण जरा कारभाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसा. वयात आलेली मुलगी, परका तरुण, आणि चोळी. एका बापाने काय समजायचं? मास्तरच्या मनात अंजीबद्दल नेमकं काय होतं हे तो आपल्याला किती सांगतो आणि किती नाही, हे मी ह्या वेळी पेन्सिल घेऊन शोधलं, आणि मला वाटतं त्याचं त्यालाच सगळं माहीत नव्हतं. कारभारी रागावतो तेव्हा तो वाईट माणूस होत नाही आणि मास्तर खोटारडा होत नाही, दोघंही आपापल्या जागी उभे आहेत आणि मधे एक चोळी आहे. कथा सांगणं हे किती अवघड काम आहे, हे अशा जागी कळतं. सांगणारा एकच, पण दुसऱ्याच्या बाजूला जायला वाट ठेवलेली.

शेवटी दुष्काळ पडतो, गाव उठतं, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात. पात्र हा शब्द आपण माणसाला वापरतो, भांड्याला वापरतो आणि नदीलाही वापरतो. आमची पेढी नदी मे महिन्यात बघावी, पाणी असतं तेव्हा ती इथून तिथून सारखीच दिसते, आटली की कुठे खडक आहे, कुठे वाळू, कुठे डोह होता ते उघडं पडतं. बनगरवाडीतली माणसं मला त्या शेवटच्या पानांत सगळ्यात स्वच्छ दिसली, आणि ती तेव्हा गाव सोडून चालली होती.

माडगूळकर, गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे ही चार नावं नवकथेबद्दल बोलताना एकत्र घेतात. १९४५ च्या पुढेमागे ह्या लोकांनी मराठी कथा बदलली, आणि काय बदललं तर त्याआधी कथेत पुढे काय झालं ह्याला किंमत होती, शेवटाला एक कलाटणी द्यायची की झालं, आणि ह्यांनी विचारलं की माणसाच्या आत काय झालं. आमच्या कट्ट्यावर अजूनही पहिला प्रश्न असतो, मग शेवटी काय होतं? त्यात काही चूक नाही, मलाही तेच आधी बघायचं असतं. पण शेवट कळल्यावरही जे पुस्तक परत वाचावंसं वाटतं त्यात काहीतरी दुसरं चाललेलं असतं.

आता सांगणारा कोण ह्याच्यावरून मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकणारं पुस्तक म्हणजे 'पण लक्षात कोण घेतो?'. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ही कादंबरी क्रमशः आली. हरिभाऊंचा जन्म १८६४ चा, म्हणजे लिहायला घेतली तेव्हा सव्वीस वर्षांचा तरुण. आणि त्याने 'मी' म्हणून लिहिलं ते यमूच्या तोंडून, एका मुलीच्या, जी लहानपणापासून सांगत सांगत लग्न, सासर, नवऱ्याबरोबरचे मुंबईतले सुखाचे दिवस, आणि मग विधवा होण्यापर्यंत आणि शंकरमामंजींच्या हट्टापायी तिचं जबरदस्तीने केशवपन होण्यापर्यंत येते. मी हे कॉलेजात असताना अभ्यासाला म्हणून वाचलं तेव्हा मला ते फार लांबलेलं वाटलं होतं. ह्या वेळी मी एकच गोष्ट बघत वाचलं. यमू हे सगळं घडून गेल्यावर सांगतेय. म्हणजे ती जेव्हा भातुकलीबद्दल सांगते, मैत्रीण दुर्गीबद्दल सांगते, नवऱ्याने पहिल्यांदा प्रेमाने काय म्हटलं ते सांगते, तेव्हा तिला पुढचं सगळं माहीत आहे. ती सुखाची पानं जिच्या हाताने लिहिली जातायत तिच्या डोक्यावर केस नाहीत. हे लक्षात आल्यावर ती गोड पानं मला वाचवेनात. जी जागा मला लांबलेली वाटली होती तिथे ती बाई मुद्दाम रेंगाळतेय, कारण पुढे जायला तिचा पाय उचलत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कदाचित वयानेच दिसलं असेल. कॉलेजात त्याच प्रश्नाचं उत्तर मी 'यमूचे पात्र हे तत्कालीन स्त्रीजीवनाचे प्रतीक आहे' असं लिहिलं होतं. प्रतीक म्हटलं की यमू संपते, मग ती कशीही मेली तरी आपल्याला काही होत नाही.

दुर्गीबद्दल तर वेगळं लिहायला हवं, पण इथे नको.

लहान मुलाच्या नजरेतून सांगायचं असेल तर अजून वेगळी गंमत होते. जीएंची, म्हणजे जी. ए. कुलकर्णींची, 'कैरी' ही कथा आहे, 'पिंगळावेळ' संग्रहातली, त्यात मावशीच्या घरात नेमकं काय चाललंय ते पोराला सगळं उलगडत नाही, पण तो बघतो ते आपल्यापर्यंत येतं आणि आपल्याला उलगडतं. मावशीचं दुःख कुणी बोलून दाखवत नाही. मोठ्या माणसाने ही गोष्ट सांगितली असती तर त्याने कारणं दिली असती, नावं ठेवली असती, मावशीची कीव केली असती. पोरगं कीव करत नाही, त्याला ती फक्त हवी असते. कट्ट्यावर ही कथा मी मोठ्याने वाचली होती दोन वर्षांपूर्वी, आणि नर्स असलेली आमची मैत्रीण, जी रोज मरण बघते, ती उठून गॅलरीत गेली.

'कोसला'बद्दल सगळ्यांनी एवढं लिहून ठेवलंय की मी दोनच गोष्टी सांगते. भालचंद्र नेमाड्यांच्या ह्या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर दर दोन वाक्यांत उदाहरणार्थ म्हणतो आणि वगैरे म्हणतो. १९६३ मध्ये हे लोकांना नवं वाटलं, आज तर त्याची नक्कल करून करून लोकांनी त्याचा जीव घेतलाय. पण वगैरे कधी म्हणतो आपण? जेव्हा पुढचं सांगायचं नसतं. पाहुणे विचारतात घरी सगळं ठीक वगैरे ना, आपण म्हणतो हो ठीक वगैरे. पांडुरंगाचा स्वभाव बिभाव शोधत बसण्यापेक्षा तो कुठे वगैरे म्हणून निसटतो ते बघावं, आणि मग त्याची धाकटी बहीण मनी जाते ती पानं वाचावीत. तिथे त्याला लपायला जागा राहत नाही. माझा स्वतःचा भाऊ लहान असताना गेला, घरात त्याच्याबद्दल कुणी पूर्ण वाक्य बोलत नाही, अजूनही. आई म्हणायची, तो होता तेव्हा वगैरे. म्हणून मला ते पुस्तक इतकं जवळचं.

श्री. ना. पेंडशांच्या 'रथचक्र'मध्ये तर नायिकेला नावच नाही. १९६२ ची कादंबरी, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी मिळालं तिला. पूर्ण कादंबरीभर ती म्हणजे ती. एकत्र कुटुंब, नवरा निघून गेलेला, आणि पोरांनी शिकावं म्हणून पेटलेली बाई. नाव का नसेल ह्याच्यावर आमच्याकडे वाद झाला होता, एक म्हणाली कारण ती कुठलीही बाई असू शकते म्हणून. मला ते पटत नाही. कुठलीही बाई म्हणायचं तर आपल्या श्रावणातल्या कहाण्या आहेत की, आटपाट नगर होतं, तिथे एक गरीब ब्राह्मण होता, त्याला सात सुना होत्या. तिथे नावं नसतात कारण गोष्ट व्रताची असते, माणसं फक्त व्रत पुढे नेतात, वसा घ्यायला आणि टाकायला. माझी आजी पाटावर बसून हातात अक्षता घेऊन कहाणी सांगायची आणि साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण म्हटलं की आम्ही अक्षता टाकायचो. सुफळ व्हायचीच ती, सुनेने कितीही भोगलं असलं तरी शेवटी देव पावायचाच. 'रथचक्र'मधली ती अजिबात कुठलीही नाही, तिच्यासारखी हट्टी, धगधगीत, पोरांच्या शिक्षणासाठी सगळ्यांशी वैर घेणारी दुसरी बाई मी मराठीत फार कमी वाचलीय. मग नाव का नाही? मला वाटतं, त्या घरात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून. कुणाची तरी सून, कुणाची जाऊ, कुणाची आई. माझ्या आईला तिच्या नावाने हाक मारताना मी शेवटची कधी ऐकली ते मला आठवत नाही. पेंडशांनी हे मुद्दाम असंच ठरवलं होतं की नाही त्याने मला फरक पडत नाही, पुस्तकात ते आहे.

आता परत त्या रविवारवर येते, कारण तिथे अजून एक गोष्ट झाली होती.

कौतिक सोशिक नाही हे सगळ्यांना पटल्यावर गाडी महादेववर घसरली. त्याला सगळ्यांनी मिळून धुतलं. आळशी, बेजबाबदार, बायकोच्या जिवावर खाणारा. नर्स म्हणाली असे नवरे मी रोज वॉर्डात बघते. मीपण बोलले, माझ्याकडे तर तीन वाचनांचा साठलेला राग होता. आणि ताईने मधेच विचारलं,

"त्याच्या बाजूनं कोन सांगते पुस्तकात?"

कुणीच नाही, मी म्हटलं.

"मंग?"

त्या मंगला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'धग'मध्ये निवेदन 'मी' म्हणून नाहीये, लेखक बाहेरून सांगतो, आणि त्याची भाषा पात्रांच्या बोलीपेक्षा प्रमाण मराठीकडे झुकलेली आहे, म्हणून वाचताना वाटतं की हा सगळ्यांना सारखंच बघतोय. पण तो उभा असतो तो बहुतेक कौतिकच्या खांद्यापाशी. तिला काय वाटलं ते आपल्याला कळतं, महादेवने काय केलं तेवढं कळतं. तिचं आतून, त्याचं बाहेरून. ज्याला आतून बघितलं त्याच्याबद्दल माया येते आणि ज्याला बाहेरून बघितलं त्याच्याबद्दल मत होतं, हे पुस्तकातच नाही, घराघरात आहे. ह्याचा अर्थ महादेव बरोबर होता असं अजिबात नाही, ताईलाही तसं म्हणायचं नव्हतं. पण मी इतकी वर्षं त्याला नुसता आळशी म्हणून मोकळी झाले होते, म्हणजे कौतिकला सोशिक म्हणणाऱ्यांनी जे केलं तेच मी त्याच्याबाबतीत केलं होतं.

ताईचा नवरा शिंपी होता. मशीन दोघांची मिळून एक होती. तयार कपड्यांची दुकानं वाढली तसं त्याचं काम गेलं, पँट-शर्ट शिवून घेणारे कमी झाले, ब्लाऊज मात्र अजून शिवूनच घ्यावे लागतात, म्हणून तिचं चाललं. मग मशीनवर ती बसायला लागली आणि तो ओट्यावर. बारा वर्षं तो ओट्यावर बसला, असं तिने एकदा मला सांगितलं होतं, ह्यापेक्षा जास्त काही नाही, आणि मी विचारलंही नाही. आता तो नाही.

त्या दिवशी निघताना तिने माझं पुस्तक मागून नेलं, म्हणाली एकदा अजून वाचते, मागच्या खेपेला घाईत वाचली, लग्नसराईचे ब्लाऊज होते. तीन आठवडे पुस्तक तिच्याकडे होतं. परवा तिने पिशवीत घालून परत पाठवलं, सोबत माझे दोन पिको केलेले साडीचे पदर. मी पुस्तक उघडलं तर मधल्या एका पानावर समासात निळ्या खडूची रेघ होती, शिवणाच्या चपट्या खडूची, ज्याने ती कापडावर कापायची खूण करते. एकाच जागी, अख्ख्या पुस्तकात दुसरीकडे कुठेच नाही.

ती ओळ कौतिकची असेल म्हणून मी चष्मा लावून वाचली. महादेवची होती. साधीच ओळ आहे, माणूस घरात बोलतो तशी, चार शब्दांची, मी तीनदा तिच्यावरून पुढे गेले असणार. मी ती इथे लिहीत नाही, ती खूण ताईची आहे. खडू बोटाने पुसला तर जातो, म्हणून मी त्या पानावर बटर पेपरचा तुकडा ठेवलाय आणि पुस्तक बाकीच्यांबरोबर आडवं न रचता कपाटात उभं ठेवलंय.